चोवीस टॉफ्या आणि एक ब्रश

१९५४ साली युरोपात दातांच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी विजेवर चालणारा टूथब्रश तयार केला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये एक लांबलचक शोधनिबंध छापून आला. गोड खाण्याने दात नेमके कसे किडतात, याचा तो निबंध होता आणि त्यासाठी ४३६ माणसांवर पाच वर्षं नजर ठेवली गेली होती.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. वूग आणि स्वीडनचे संशोधक एकत्र काम करत नव्हते. पण दोन्हींच्या मुळाशी जवळपास सारखीच माणसं आहेत. वूग यांचा ब्रश सुरुवातीला होता तो ज्यांचे हात नीट साथ देत नाहीत अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा बसवलेल्यांसाठी. स्वीडनमधली ४३६ माणसं एका इस्पितळात राहत होती आणि त्यातल्या बहुतेकांना बौद्धिक अक्षमता होती. म्हणजे आज आपल्या बाथरूममध्ये चार्जरवर उभा असलेला ब्रश आणि ‘रात्री चॉकलेट खाऊन झोपू नकोस’ हा आईचा धाक, या दोन्हींच्या इतिहासात ज्यांची सहसा कोणी दखल घेत नाही अशी माणसं आहेत.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कुठला ब्रश चांगला, साधा, विजेचा की तीन बाजूंनी घासणारा, हा प्रश्न वरवर खरेदीचा वाटतो. दोन वेबसाइट उघडायच्या, रेटिंग बघायचं, विषय संपला. मीही तिथूनच सुरुवात केली होती. पण उत्तर शोधत मागे मागे गेलं की हा प्रश्न इतिहासाचा होतो.

लुंडमधलं इस्पितळ

१९३० आणि ४०च्या दशकात स्वीडनमध्ये दातांची कीड हे राष्ट्रीय दुखणं होतं. १९३८मध्ये तिथे सरकारी दंतसेवा सुरू झाली आणि लवकरच लक्षात आलं, की नुसते दात भरत बसून हा प्रश्न सुटणार नाही. कीड लागते कशाने, हे आधी कळायला हवं. साखरेवर संशय होता, पण पक्का पुरावा नव्हता. पुरावा हवा तर काही माणसांना वर्षानुवर्षं ठरवून दिलेलंच खायला घालायचं, आणि त्यांनी दुसरं काही खाल्लं नाही याची खात्री करायची. बाहेरच्या जगात हे जवळपास अशक्य. संस्थेच्या भिंतींआड मात्र शक्य.

लुंड शहरातलं विपेहोल्म इस्पितळ १९३५मध्ये सुरू झालं होतं. ‘शिकवता न येण्यासारखी’ असा शिक्का बसलेली माणसं तिथे ठेवली जात. १९४५मध्ये सरकारी वैद्यकीय मंडळाच्या पुढाकाराने तिथे दातांचा अभ्यास सुरू झाला. सुरुवातीला जीवनसत्त्वांचा परिणाम तपासला गेला. १९४७मध्ये दिशा बदलली आणि साखरेचे प्रयोग सुरू झाले. वेगवेगळे गट केले गेले. कोणाला जेवणासोबत साखरेचं पाणी, कोणाला गोड पाव, कोणाला चॉकलेट, कोणाला कॅरॅमल. दोन गटांना टॉफ्या मिळत: एकाला दिवसाला आठ, दुसऱ्याला चोवीस. या टॉफ्या मुद्दाम जास्त चिकट बनवलेल्या होत्या, म्हणजे त्या दातांवर बराच वेळ राहतील. साखर आणि मिठाईच्या उद्योगांनी या कामाला पैसा आणि माल पुरवला.

निष्कर्ष स्पष्ट निघाले. किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि कुठल्या रूपात खाल्ली हे महत्त्वाचं. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढत नाही. दोन जेवणांच्या मधे चिकट गोड खात राहिलं तर ती झपाट्याने वाढते. गोड थांबवलं की नवी कीड लागण्याचं प्रमाण उतरतं. डॉ. बेंग्त गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांच्या नावे १९५४मध्ये छापलेला हा निबंध आजही दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. स्वीडनमध्ये त्यातून ‘शनिवारचा खाऊ’ ही रीत रुजली. रोज थोडं थोडं गोड खाण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच काय ते खा. तिथली मुलं अजूनही शनिवारी कागदी पिशवी भरून गोळ्या घेतात.

ज्यांच्या दातांवर हे सिद्ध झालं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. अनेकांचे दात कायमचे गेले. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वतःची संमती हवी, हे तत्त्व पहिल्या क्रमांकावर सांगणारी न्यूरेम्बर्गची संहिता १९४७ची आहे. विपेहोल्ममध्ये साखरेचे प्रयोग सुरू झाले तेही १९४७मध्येच.

आज त्या आवारात उच्च माध्यमिक शाळा भरते.

हाड, डुकराचे केस आणि नायलॉन

टॉफ्यांनी दात कसे किडतात ते सांगितलं. ते वाचवायचं साधन मात्र बरंच जुनं आहे, आणि बराच काळ ते फारसं बदललंही नाही.

केसांचा ब्रश चिनी लोकांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनवला होता, डुकराचे राठ केस हाडाच्या किंवा बांबूच्या दांडीत बसवून. इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिसची गोष्ट सांगतात. दंगलीच्या आरोपावरून तो १७८०च्या सुमारास तुरुंगात होता. तिथे जेवणातलं हाड जपून ठेवून, त्याला भोकं पाडून त्याने केस बसवले, आणि सुटल्यावर ब्रशचा धंदा काढला. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं ब्रश म्हणजे हाड आणि केस हेच समीकरण राहिलं. केस ओले राहत, त्यात जंतू वाढत, टोकं झिजत. २४ फेब्रुवारी १९३८ रोजी अमेरिकेत ड्युपॉन्टच्या नायलॉनचा पहिला टूथब्रश विकायला आला. नायलॉनचे मोजे त्यानंतर आले. हा नवा धागा सामान्य माणसाने सर्वांत आधी तोंडात घातला.

आपल्याकडे ब्रश उशिरा पोचला. बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी, राखुंडी, मीठ, मग काळं दंतमंजन, आणि हे सगळं लावायला बोट. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या अनेकांनी आयुष्याचा मोठा काळ तर्जनीने दात घासले. आज बाळांसाठी सिलिकॉनची टोपी बोटावर चढवून घासायचा ब्रश मिळतो आणि ती नवी कल्पना म्हणून विकली जाते. आईच्या बोटाने तोंडाला स्पर्शाची सवय लावणं ही आपल्या घरांतली जुनीच गोष्ट. फक्त दात आलेल्या आणि चावण्याची सवय असलेल्या मुलाच्या तोंडात बोट घालण्याची चूक कोणी करू नये.

या सगळ्या साधनांत एक गृहीतक आहे. वापरणाऱ्याचं मनगट वळतं, त्याला आरशातलं डावं-उजवं कळतं, तोंडात फेस आला तरी त्याला चालतं, आणि ‘अजून थोडं’ म्हणजे किती हे त्याला समजतं. हाडापासून नायलॉनपर्यंत साहित्य बदललं, हे गृहीतक तसंच राहिलं.

भिंतीच्या सॉकेटला जोडलेला ब्रश

वूग यांच्या ब्रशने या गृहीतकाला पहिल्यांदा हात घातला. ‘ब्रॉक्सोडेंट’ नावाचं ते यंत्र थेट भिंतीतल्या सॉकेटला वायरने जोडलेलं असे. बाथरूममध्ये, ओल्या हातात, तोंडात. आज कुठलाही सुरक्षा विभाग हे बघून हादरेल. पण कल्पना साधी होती. घासण्याची हालचाल यंत्र करेल, माणसाने ब्रश फक्त योग्य जागी धरायचा. मनगटाचं काम मोटारीने उचललं.

१९६०मध्ये स्क्विब कंपनीने हा ब्रश अमेरिकेत आणला. १९६१मध्ये जनरल इलेक्ट्रिकने बिनवायरचा, चार्ज होणारा ब्रश काढला. ऐंशीच्या दशकात गोल फिरणारी डोकी आली, नव्वदच्या सुरुवातीला अतिवेगाने थरथरणारे ‘सोनिक’ ब्रश आले. या प्रवासात ग्राहक बदलत गेला. हात न चालणाऱ्यांसाठी सुरू झालेली वस्तू हात उत्तम चालणाऱ्या, पण वेळ नसलेल्या लोकांची झाली. आता तर ती ब्लूटूथने मोबाइलला जोडली जाते आणि कुठल्या दाढेला किती सेकंद मिळाले याचा आलेख दाखवते.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रवास ओळखीचा आहे. बहिऱ्या प्रेक्षकांची सोय म्हणून रुळलेली सबटायटल्स आज हेडफोन घरी विसरलेला प्रत्येक जण लोकलमध्ये वाचतो. अडचणीतल्या माणसासाठी केलेली सोय सगळ्यांच्या कामी येते, असं आम्ही प्रेझेंटेशनमध्ये अभिमानाने सांगतो. या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र आम्ही फारसा सांगत नाही. बाजार मोठा झाला, की ज्यांच्यासाठी वस्तू बनली ते ग्राहक म्हणून फार छोटे ठरतात. ब्रशच्या बाबतीत हा उत्तरार्ध कसा घडला ते पुढे येईलच.

तोंडाच्या आत काय चाललेलं असतं

या मुलांच्या दातांचा प्रश्न आळसाचा किंवा दुर्लक्षाचा आहे, असा समज सर्रास दिसतो. प्रत्यक्षात कारणं अनेक असतात आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे दात उशिरा येतात, आणि हिरड्यांचा आजार त्यांना लवकर आणि जास्त जोरात गाठतो. सेरेब्रल पाल्सीत तोंडाचे स्नायू ऐकत नाहीत. ब्रश आत गेला की जबडा आपोआप मिटतो, ते मूल हट्ट करत नसतं. ऑटिझम असलेल्या मुलाला पेस्टचा पुदिना तिखट मिरचीसारखा लागू शकतो आणि नायलॉनचा स्पर्श ओरखड्यासारखा. काही मुलं घास गालात धरून ठेवतात. विपेहोल्मच्या चिकट टॉफीने जे केलं तेच काम गालातला तो घास करतो. त्यात रोजची गोड सिरप औषधं, आणि शहाण्यासारखं वागल्याचं बक्षीस म्हणून दिलेलं चॉकलेट.

औषधांचीही एक कहाणी आहे. फेनिटोइन हे फिट्सवरचं औषध १९३८मध्ये आलं आणि असंख्य मुलांना त्याने जगणं दिलं. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी नोंदवलं, की ते घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढतात, कधी कधी दात अर्धे झाकले जातील इतक्या. दातांवर साचणारा चिकट थर, ज्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात, तो जितका जास्त तितकी ही वाढ जास्त. म्हणजे ज्याच्या हिरड्या वाढल्या आहेत त्याला घासणं जास्त गरजेचं, आणि त्यालाच ते जास्त दुखतं.

दात दुखतोय हे ज्याला शब्दांत सांगता येत नाही, तो जेवण नाकारतो, डोकं आपटतो, रात्री जागतो. घरच्यांना वाटतं, वागणं बिघडलं.

पंधरा पायऱ्या

१९७५मध्ये अमेरिकेत आर. डॉन हॉर्नर आणि इंगो काइलिट्झ यांनी एक छोटा अभ्यास छापला. बौद्धिक अक्षमता असलेल्या आठ किशोरवयीन मुलांना दात घासायला शिकवण्याचा. त्यांनी ब्रश बदलला नाही. त्यांनी ‘दात घासणं’ ही एक क्रिया पंधरा पायऱ्यांत फोडली. ब्रश उचलून धरणं. तो ओला करणं. ट्यूबचं झाकण काढणं. पेस्ट लावणं. झाकण परत लावणं. मग दातांच्या बाहेरच्या बाजू, चावण्याच्या बाजू, आतल्या बाजू. पेल्यात पाणी भरणं, चूळ भरणं, तोंड पुसणं, ब्रश धुणं, बेसिन धुणं, सगळं जागेवर ठेवणं, कागदी पेला टाकून देणं.

प्रत्येक पायरीवर आधी मुलाला स्वतः करायची संधी. जमलं नाही तर तोंडी सूचना. तरी नाही तर करून दाखवणं. तरीही नाही तर हात धरून करवून घेणं. जमलं की कौतुक. आठही मुलांचं घासणं सुधारलं आणि सहा जणांना सगळ्या पायऱ्या बिनचूक जमू लागल्या.

हा निबंध वाचताना मला आमच्या कामाची आठवण झाली. मोठं फंक्शन चालत नसेल तर ते फोडा, प्रत्येक तुकडा वेगळा तपासा, नेमकं कुठे अडतंय ते शोधा. ‘याला घासता येत नाही’ हा एरर मेसेज निरुपयोगी आहे. ‘याला झाकण फिरवता येत नाही, बाकी सगळं येतं’ हा उपयोगी आहे, कारण त्यावर उपाय आहे: वर उघडणाऱ्या झाकणाची ट्यूब आणा.

मला या अभ्यासाचं आणखी एका कारणासाठी महत्त्व वाटतं. विपेहोल्मचा निबंध आणि हा निबंध यांच्यात एकवीस वर्षांचं अंतर आहे. पहिल्यात ही माणसं मोजायची वस्तू होती. दुसऱ्यात ती शिकणारी आहेत. ‘शिकवता न येण्यासारखी’ हा विपेहोल्मच्या दारावरचा शिक्का इथे बेसिनपाशी, एका कागदी पेल्याजवळ खोटा ठरला.

तीन तोंडांचा ब्रश

दुसरी वाट साधन बदलण्याची. ज्या घरांत मूल स्वतः घासू शकत नाही तिथे घासणाऱ्याला वेळ किती मिळतो? अनेकदा पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात तोंड मिटतं, मान वळते, हात झटकला जातो. साध्या ब्रशने दाताची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि वरचा पृष्ठभाग अशा तीन वेगळ्या फेऱ्या कराव्या लागतात. त्या तीनही फेऱ्या एकदमच झाल्या तर?

यातून तीन बाजूंनी ब्रिसल्स असलेले ब्रश आले. अमेरिकेतला कॉलिस कर्व्ह हा त्यांपैकी एक. त्याच्या बाहेरच्या दोन ओळी आत वळलेल्या असतात. दुसरा डॉ. बारमन यांचा सुपरब्रश. त्याला तीन छोटी डोकी एकमेकांकडे झुकलेली. दोन्हींत ब्रश दातावर खोगिरासारखा बसतो आणि पुढे-मागे केला, की तिन्ही बाजू एकदम घासल्या जातात. ब्रश वळवायची, कोन साधायची गरज नाही. यात वीज नाही, मोटार नाही, आवाज नाही. वूग यांनी मनगटाची हालचाल यंत्राकडे सोपवली, या लोकांनी ती ब्रशच्या आकाराकडे सोपवली.

तिसरी वाट तर घरातच असते. बारीक दांडी धरता येत नसेल तर तिच्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवा, टेनिस बॉलला भोक पाडून त्यात दांडी खुपसा, किंवा वेल्क्रोच्या पट्टीने ब्रश तळहाताला बांधा. यावर कोणाचं पेटंट नाही, आणि जाहिरातही नाही.

मग कुठला घ्यायचा?

माझ्या मावशीने मला हाच प्रश्न विचारला होता. तिचा धाकटा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. “तू इंजिनिअर ना रे? मग बघून सांग की, विजेचा घेऊ का तो तीन बाजूंचा?” इंजिनिअरला जगातल्या प्रत्येक वस्तूतलं कळतं, यावर आमच्या घराण्याची श्रद्धा आहे.

मी जिथे पुरावा मिळेल तिथे गेलो. वैद्यकातले सगळे प्रयोग गोळा करून त्यांची एकत्र छाननी करणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिचा विजेच्या आणि साध्या ब्रशची तुलना करणारा २०१४चा आढावा प्रसिद्ध आहे. ५६ प्रयोग, ५,०६८ माणसं. निष्कर्ष: विजेच्या ब्रशने तीन महिन्यांनंतर प्लाक २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी जास्त कमी होते. ब्रशच्या जाहिरातींना बळ मिळतं ते अशाच आकड्यांतून.

आणि त्याच आढाव्यात, कोणाचा समावेश केला या मजकुरात, एक अट आहे. घासण्यात अडथळा येईल अशी अक्षमता नसलेली माणसंच धरली आहेत. शास्त्राच्या दृष्टीने ही अट योग्य आहे. सारख्यांची तुलना सारख्यांशी करावी लागते. पण इतिहास माहीत असला, की तिथे थबकायला होतं. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी सुरू झालेलं साधन किती चांगलं आहे हे साठ वर्षांनी मोजताना नेमकी तीच माणसं मोजणीबाहेर राहिली.

त्यांच्यासाठी वेगळा आढावा झाला, तो २०१९मध्ये. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या तोंडाच्या स्वच्छतेवरचे ३४ अभ्यास, त्यात मुलं-मोठी मिळून १,७९५ माणसं आणि त्यांची काळजी घेणारी ३५४ माणसं. तिथलं चित्र खूपच धूसर आहे. विजेच्या आणि साध्या ब्रशमध्ये ठळक फरक दिसला नाही. काळजी घेणाऱ्याने सुपरब्रशने घासलं तर हिरड्यांची सूज कदाचित कमी होते, पण हा निष्कर्ष ज्या प्रयोगावर उभा आहे त्यात अठराच माणसं होती. बहुतेक पुरावा कमी किंवा अगदी कमी खात्रीचा, असं लेखकांनीच स्पष्ट म्हटलं आहे.

एकीकडे पाच हजार, दुसरीकडे अठरा. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत अडकलेलं आहे.

मी तिला शेवटी जे सांगितलं ते असं. तुम्ही घासणार असाल आणि तोंड थोडाच वेळ उघडं राहत असेल तर तीन बाजूंचा ब्रश आधी घेऊन बघ. तो स्वस्त आहे आणि शिकवायला सोपा. त्याला स्वतः घासायचं असेल, हात जवळ नेता येत असेल पण गोल फिरवता येत नसेल, तर विजेच्या ब्रशला अर्थ आहे. मात्र त्याची थरथर आणि आवाज सहन व्हायला हवा. ब्रश सतत चावत असेल तर विजेचा नकोच, महागडं डोकं आठवड्यात जाईल. साधा ब्रश मऊ ब्रिसल्सचा आणि छोट्या डोक्याचा असेल, मूठ जाड केली आणि रोज नीट वापरला, तर तो कुठल्याही बाबतीत हलका नाही. फ्लोराइडची पेस्ट मात्र हवीच, आणि ती गिळली जात असेल तर मात्रा किती हे दंतवैद्याला विचार.

तिने विजेचाच घेतला. पहिल्या दिवशी तो सुरू होताच माझ्या मावसभावाने कानांवर हात ठेवले आणि बाथरूममधून बाहेर पडला. मावशी शहाणी. तिने चार दिवस तो ब्रश तोंडाजवळ नेलाच नाही. आधी नुसता बंद ब्रश हातात दिला. मग सुरू करून तळहातावर टेकवला. मग गालावर, बाहेरून. हॉर्नर आणि काइलिट्झ तिला माहीत नाहीत. पाचव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, “गुदगुल्या.” आता सकाळी तो विजेच्या ब्रशने स्वतः घासतो आणि रात्री मावशी साध्या ब्रशने मागच्या दाढा घासते. माझ्या यादीत असा पर्यायच नव्हता.

ब्रश कोणाच्या हातात

महाराष्ट्रात या मुलांच्या शाळांना जुना इतिहास आहे. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ची, म्हणजे विपेहोल्मचे प्रयोग सुरू होण्याच्या एक वर्ष आधीची. पुण्यात कामायनी १९६४मध्ये सुरू झाली. या शाळांच्या वर्गांत दात घासणं, बटण लावणं, डबा उघडणं हे गणित-भाषेसारखेच विषय असतात. ज्यांनी असा वर्ग पाहिला आहे त्यांना पंधरा पायऱ्यांचं नवल वाटणार नाही.

शब्दही बदलले. अनेक संस्थांच्या पाट्यांवर अजून ‘मतिमंद’ लिहिलेलं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्दप्रयोग आला आणि दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले गेले. २०११च्या जनगणनेत भारतात या गटातली सुमारे १५ लाख माणसं मोजली गेली. त्यातला प्रत्येक जण रोज सकाळी कुठल्या तरी बेसिनपाशी किंवा मोरीपाशी उभा राहतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या शेजारी आई उभी असते.

ब्रशची तुलना करताना आपण वस्तूंची तुलना करतो: ब्रिसल्स, वेग, किंमत, बॅटरी. इतिहास बघितला तर प्रत्येक ब्रश हे एका प्रश्नाचं उत्तर आहे, आणि प्रश्न वेगवेगळे आहेत. विजेचा ब्रश विचारतो, हाताला जे जमत नाही ते यंत्राने करावं का. तीन तोंडांचा ब्रश विचारतो, दुसऱ्याने घासायचं तर त्याला वीस सेकंदांत काय साधेल. आणि बेसिनपाशी पंधरा पायऱ्या शिकवणारा माणूस विचारतो, हे काम याचं याला करता येईल का. घरात कुठला प्रश्न आहे हे ठरल्याशिवाय ब्रश निवडता येत नाही. आणि तो प्रश्न ठरवताना ज्याचे दात आहेत त्यालाही विचारायला हवं. त्याला शब्दांत सांगता आलं नाही तरी तो सांगतोच: मान वळवून, कानांवर हात ठेवून, किंवा ‘गुदगुल्या’ म्हणून.

विपेहोल्ममध्ये ही विचारपूस झाली नाही. त्या ४३६ जणांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या दातांतून जे ज्ञान मिळालं ते मात्र जगभर पसरलं, आपल्या घरातही आलं. मधल्या वेळेत चिकट गोड नको, खाल्लंच तर जेवणासोबत, आणि रात्री घासल्यावर काही नाही. या ज्ञानाची गरज ज्या मुलांना सर्वांत जास्त आहे, त्यांना शाळेत, थेरपीत, दवाखान्यात चांगलं वागल्याबद्दल आपण अजूनही खिशातून काढून टॉफी देतो. ती सवय तरी आजपासून सोडता येईल. बक्षीस म्हणून स्टिकर चालतो, टाळी चालते, मोबाइलवरचं आवडतं गाणंही चालतं.